दोन उपासांच्या आडोशाला

खुर्ची डगमगली म्हणून इन्शिराहने पुढे होऊन मुलीचा दंड धरला, आणि तिचा स्वतःचा अंगठा नि मधलं बोट पलीकडे एकमेकांना टेकलं. झालं ते एवढंच. मधे दोन स्वेटर होते, वरचा शाळेचा निळा आणि आतला घरी विणलेला करडा, आणि तरीही बोटं जुळली. "सांभाळलंत अब्ला, नाहीतर पडलेच होते," असं म्हणून वेरेना हसली, हात हलकेच सोडवून घेऊन पुन्हा वर वळली आणि उरलेली कागदी फुलं भिंतीला चिकटवू लागली. खाली अंगणात पोरी गाण्याची तालीम करत होत्या. आठवीतली एक बेसूर पोरगी सगळ्यांच्या वर आवाज काढत होती. गुरुवारी मातृदिन, गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, गुरुवारी आदर्श मातेचा सत्कार, आणि भिंतीवर अजून 'आदर्श' एवढंच चिकटलेलं. इन्शिराह तशीच उभी राहिली. आपला हात आपण कुठे ठेवावा हे तिला कळेना. खिशात घालावा तर तो खिशातही तसाच राहील असं वाटलं. मार्चचं ऊन होतं, शुब्रा मोहल्ल्याच्या गल्ल्यांतून धूळ उडत होती, तिने स्वतः कोट केव्हाच काढून टाकला होता. आणि ही मुलगी दोन स्वेटर घालून उन्हात उभी होती आणि तिच्या नखांखाली निळसर रंग होता. हे आपण आज पाहिलं की रोजच पाहत होतो, हे इन्शिराहला ठरवता येईना. तिला भीती वाटली. उगाच हुरहुर वाटते तशी नव्हे. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तशी.

जिन्याखालच्या तिच्या खोलीत आल्यावरही ती बसली नाही. या खोलीच्या दारावर 'समाजकार्यकर्ती' अशी पाटी होती आणि अर्धं आयुष्य ती या पाटीमागे बसली होती. शाळेत जे जे कुणाच्याच खात्यात पडत नाही ते तिच्या खात्यात पडायचं. बाप वारलेल्या पोरींची फीमाफी, केस ओढून झालेल्या मारामाऱ्या, पिरॅमिडची सहल, उवा, फाटकाबाहेर घुटमळणारे रिकामटेकडे, आदर्श विद्यार्थिनी, आदर्श माता. मार खाऊन आलेली मुलगी तिला चालण्यावरून कळायची. प्रेमात पडलेली तर त्याआधीच, वेणीवरून. कुठल्या घरी जायचं, बापाशी बोलायचं की आजीशी, चहा घ्यायचा की नको म्हणायचं, सगळं तिला तोंडपाठ होतं. शाळेत तिला सगळ्या 'अब्ला', म्हणजे ताई, म्हणत, हमरस्त्यावरचा भाजीवालासुद्धा म्हणे, आणि आपण या मोहल्ल्याच्या पोरींना पाठीमागूनही ओळखतो असा तिला थोडासा गर्व होता. आता ती उभी होती आणि वेरेना कधीपासून अशी आहे हे आठवायचा प्रयत्न करत होती. गेल्या वर्षी सहलीच्या बसमधे गाल होते, हे पक्कं आठवत होतं. गाल होते आणि त्यांवर चिंचेच्या सरबताचे डाग होते. मग हिवाळ्यात त्यांचा ख्रिसमसचा उपास लागला. कुणीतरी म्हणालं, वेरेना वाळली गं, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, उपास चाललाय त्यांचा. मग सुट्टी लागली. मग पुन्हा एक उपास, तीन दिवसांचा. आणि मग त्यांचा मोठा उपास, तो नेमका रमजानच्याच पहिल्या दिवशी सुरू झाला. असं क्वचित होतं. सगळी शाळा एकदम उपाशी. मधल्या सुट्टीत सँडविचवाल्याची खिडकी बंद, डबे नाहीत, नळावर गर्दी नाही. सगळ्यांचेच चेहरे उतरलेले, सगळ्यांच्याच तोंडाला कोरड. अशा शाळेत न जेवणारी एक मुलगी कुणाला कशी दिसावी?

आणि दिसली तेव्हा कशी दिसली, तर गुणाची म्हणून. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात परिपाठाला माइकसमोर उभं राहून इन्शिराहने स्वतः सांगितलं होतं: "आपली वेरेना बघा. तिचा उपास वेगळा, आपला वेगळा. पण आपल्या मैत्रिणी तहानलेल्या असताना ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. अशी मुलगी घरोघरी असावी." पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसले होते, अर्थात त्यांना डोळे पुसायला फार लागत नाही. आणि वेरेना रांगेत उभी होती, मान खाली, कान लाल. त्या वेळी इन्शिराहला तो विनय वाटला होता. आज, उभ्या उभ्या, तिला स्वतःचं लहानपण आठवलं. सात वर्षांची होती आणि पहिला पूर्ण रोजा केला होता. संध्याकाळी बाबांनी खांद्यावर बसवून गल्लीतून फिरवलं होतं, आणि खालच्या मजल्यावरची ख्रिस्ती शेजारीण उम्म जिरजिस गॅलरीतून ओरडली होती, वाहवा गं माझी वाघीण. त्या दिवशी जेवणात काय होतं ते मुळीच आठवत नव्हतं. खांद्यावरून गल्ली केवढी दिसली ते मात्र आठवत होतं. न खाल्ल्याचं कौतुक खाण्यापेक्षा किती गोड लागतं, हे तिला त्या वयात कळलं होतं आणि मग ती ते साफ विसरली होती. आपण त्या मुलीला काय चाखायला दिलं, असं तिच्या मनात आलं.

इरीनी आत आली ती पंखा शोधत. ती विज्ञान शिकवायची, गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस, अंगाने चांगली भरलेली, आणि कुठल्याही खोलीत शिरली की आधी खुर्ची पटकवायची.

"काय गं, भूत बघितल्यासारखी का उभी? चक्कर येतेय? उगाच हट्टाने रोजे धरू नकोस, वय बघ आपलं."

"इरीनी, तुमच्या मोठ्या उपासात पोरी अशा वाळतात का गं?"

इरीनी खो खो हसली. "वाळतात? उपासात? अगं बाई, मला बघ! सकाळ-संध्याकाळ फूलची घट्ट उसळ नाहीतर ताअमेयाचे तळलेले वडे, दुपारी कोशरी, भात आणि मॅकरोनी एकाच ताटात, वर हलवा. मांस, दूध, अंडं तेवढं नाही. ईस्टरला माझा एक झगा अंगात शिरत नाही. उपासात वाळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, बिशप सोडून."

"पण दिवसभर पाणीसुद्धा न घेता..."

"ते मोठ्यांचं. पोरींना दुपारपर्यंत, तेही झेपलं तर. आणि शनिवार-रविवारी तेवढंही नाही. आमचे पाद्रीबाबाच ओरडतात, वाढत्या अंगाने असले खेळ करू नका म्हणून." इरीनी पदराने वारा घ्यावा तशी वहीने वारा घेत होती. "का? कुणाबद्दल बोलतेयस?"

"वेरेना."

"छे गं. वेरेना तर देवमाणूस आहे. परवा रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळ्या पोरी फूलच्या सँडविचवर तुटून पडल्या, आणि ही एकटी वाटत होती. नेहमी हीच वाटते. शेवटी पुरलं नाही तर म्हणते, मला नको, दुसऱ्या कुणाला..." इरीनीची वही थांबली. बाहेर ती बेसूर पोरगी पुन्हा गात होती. "नेहमी हीच वाटते," इरीनी पुन्हा म्हणाली, पण आता स्वतःशीच. "अगं बाई."

वर्षानुवर्षं त्या एकाच जिन्याने चढत-उतरत होत्या. ईदला इरीनीकडे बिस्किटांचं ताट जायचं, ईस्टरला इन्शिराहकडे रंगवलेली अंडी यायची, ताट कधी रिकामं परतायचं नाही. आणि तरी त्या उपासात तुम्ही नक्की काय करता, केव्हा खाता, किती खाता, असं इन्शिराहने तिला कधी विचारलं नव्हतं. असं विचारत नसतात. शेजाऱ्याच्या देवघरात डोकावत नसतात. हीच सभ्यता तिला आईने शिकवली होती, उम्म जिरजिसने आपल्या पोरांना शिकवली असणार, आणि या सभ्यतेवर ही गल्ली वाईट दिवसांतही तगली होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मुसलमान मैत्रिणींना वाटलं, तिच्या धर्मात असंच असेल. चर्चमधल्यांना वाटलं, मैत्रिणींसाठी करते, केवढं मोठं मन. आणि दोन्हीकडच्या चांगल्या माणसांच्या मधे जी फट होती तिच्यात ती मुलगी हळूहळू दिसेनाशी होत होती.

"तूच सांग तिच्या आईला," इन्शिराह म्हणाली. "तुमच्यातली आहेस."

"म्हणून तर नको. एकाच चर्चमधे जातो आम्ही. मी गेले तर म्हणेल, बघा, हिला आमच्या पोरीचं चांगलं बघवलं नाही. तू सांग, तुझं कामच आहे ते."

"आणि मी गेले तर? मुसलमान बाई ख्रिस्ती घरात जाऊन म्हणते, पोरीचा उपास मोडा?"

इरीनीने उठताना खुर्ची नीट सरकवून ठेवली, असं ती एरवी कधी करत नसे.

मुख्याध्यापिका, हाज्जा कवसर, यांनी तर ऐकता ऐकताच जपमाळ वेगाने ओढायला सुरुवात केली. "इन्शिराह, बाई माझी, गुरुवार होऊ दे. गुरुवारी कुणाच्या आईचा सत्कार आहे? तिच्याच ना? कुणी निवडली? तूच ना? नवरा कुवेतला, बाई एकटी पोस्टात नोकरी करून घर चालवते, पोरगी पहिल्या नंबराची, असं सगळं तूच साहेबांना लिहून पाठवलंस. आता काय कळवू? आदर्श मातेची मुलगी उपाशी आहे म्हणून? आणि त्यात हा धर्माचा मामला. उद्या कुणीतरी फेसबुकवर टाकलं की शाळेत ख्रिस्ती पोरींना जबरदस्तीने खायला घालतात, की मग तू आणि मी दोघी घरी बसू. मोठ्या घरच्या पोरी सडपातळ राहायला काय काय करतात. होईल ठीक." दाराशी त्यांनी पुन्हा हाक मारली. आवाज जरा उतरला होता. "फार वाईट आहे का गं?" इन्शिराहने होकारार्थी मान हलवली, आणि हाज्जा कवसरनी पटकन दुसरीकडे पाहिलं. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. इन्शिराहला त्यांची भीती ओळखता आली, कारण सकाळपर्यंत तीच तिचीही होती. पण आता तिच्या पोटात दुसरीच भीती येऊन बसली होती आणि तिच्यासमोर ही पहिली अगदी पोरकट दिसत होती.

शेवटच्या तासाला तिने वेरेनाला बोलावून घेतलं. मुलगी आली, दार आवाज न करता लावलं, टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बस म्हटल्यावर बसली, खुर्चीच्या अगदी टोकाला. चेहऱ्यावर तीच मऊ, तयार नम्रता. इन्शिराहला वाटलं होतं, मुलगी रडेल, उलट बोलेल, निदान नखं कुरतडेल. घाबरलेली मुलगी तिला हाताळता येत होती. ही घाबरलेली नव्हती.

"काल संध्याकाळी काय जेवलीस गं?"

"कोशरी, अब्ला. आई फार छान करते."

"कशी करते?"

वेरेनाचे डोळे उजळले. "आधी कांदा, अब्ला. अगदी बारीक उभा चिरायचा आणि मंद आचेवर तळायचा, घाई केली की कडू होतो. सोनेरी झाला की लगेच काढायचा, कारण तो बाहेर काढल्यावरही होत राहतो. त्याच तेलात मग तांदूळ आणि मसूर. मॅकरोनी वेगळी उकडायची. टोमॅटोच्या रश्शात जिरं. लसूण ठेचून व्हिनेगरमधे, वरून लिंबू. आणि चणे शेवटी, गरम गरम, म्हणजे वाफेचा वास कांद्याला लागतो..." ती बोलत राहिली. बोलताना तिच्या बोटांनी हवेत कांदा चिरला, ताट भरलं. इन्शिराहच्या कोरड्या तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं. जेवलेला माणूस जेवणाबद्दल असं बोलत नाही. जेवलेला म्हणतो, कोशरी होती, आणि विषय बदलतो. असं बोलतात ते उपाशी. रोज दुपारी चारच्या सुमाराला ती स्वतः असाच विचार करायची, कांद्याचा, वाफेचा. तिचं ते दुपारचं तासाभराचं वेड या मुलीच्या डोळ्यांत मुक्कामाला आलेलं होतं.

"आणि किती खाल्लीस?"

डोळे विझले. "पुरेशी, अब्ला."

"वेरेना, मी आज तुझा हात धरला होता."

मुलीने हळूच बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, आणि आवाजात तक्रार नव्हती, समजावणी होती, जणू मोठी तीच होती: "मी काही वाईट करत नाही, अब्ला. सगळ्या पोरी किती काय काय करतात. मी फक्त कमी घेते. रिकामं असलं ना, की आत सगळं शांत होतं. रात्री फोनवर आई-बाबांचं चाललेलं असतं, तेसुद्धा लांबून ऐकल्यासारखं वाटतं." थोडं थांबून ती म्हणाली, "आईला सांगणार तुम्ही? गुरुवारनंतर सांगा ना. तिने नवा झगा शिवलाय. बाबा कुवेतहून फोनवर बघणार आहेत. तिला इतकं छान कुणीच कधी म्हटलेलं नाही, अब्ला. आणि मलाही तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात. अशी मुलगी घरोघरी असावी म्हणून."

घंटा झाली. वेरेना उठली, उठताना तिने टेबल घट्ट धरलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग हसून, "सलाम, अब्ला," म्हणून निघून गेली. तिने बोलणं संपवायची परवानगी मागितली की आपण दिली, हेही इन्शिराहला सांगता आलं नसतं. तेरा वर्षांच्या पोरीने तिला इतक्या मायेने हरवलं होतं. गुरुवार दोन दिवसांवर होता. दोन दिवसांत काय होणार, असं ती घरी जाताना स्वतःला सांगत राहिली. मधेच तिने पाहिलं की आपण घराच्या गल्लीत वळलोच नाही. पाय तिला पोस्टामागच्या चाळवजा इमारतीकडे घेऊन चालले होते, आणि सूर्य मावळायला थोडाच वेळ होता.

ही कुणाकडे जायची वेळ नव्हे. या वेळी दारात उभ्या राहिलेल्या रोजेदाराला जेवू घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत, मग घर कुणाचंही असो. हे ठाऊक असून ती जिना चढली, की ठाऊक होतं म्हणूनच चढली?

"अब्ला!" वेरेनाच्या आईने, मदाम तेरेझने, दार उघडलं आणि दोन्ही हात गालांवर नेले. हातांना कणिक लागली होती. "देवानेच पाठवलं तुम्हाला. गुरुवारचं सांगायला आलात ना? या, या. अजानला दहा मिनिटंसुद्धा नाहीत, आता कुठे जाता तुम्ही! आमचं उपासाचं आहे हं, मांसमच्छी नाही, पण मसूरचं सूप असं करते की तुमचे लोकही विचारतात. वेरेना! बघ कोण आलंय. खाली जाऊन खजूर आण, पळ. आणि जर्दाळूचं सरबत." वेरेनाने दारातून इन्शिराहकडे एकदा पाहिलं, आणि ती खरोखरच पळत खाली गेली. तीन मजले उतरून तीन मजले चढून आली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. तेरेझने ते पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून झग्याचा रंग सांगत होती. वाईट आई नव्हती ती. पहाटे उठून, पोस्टाच्या खिडकीत दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन, संध्याकाळी येऊन कांदा तळणारी बाई होती, आणि ताट भरून वाढलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

टेबलावर सूप आलं, उकडलेले बटाटे, गरम पोळ्या, तिळाच्या ताहिनाची वाटी. वेरेनाने चमचे मांडले, अब्लाच्या ग्लासात सरबत ओतलं, आईच्या ताटाशी लिंबू ठेवलं. सगळ्यांना वाढण्यात तिचा हात कुठे थांबत नव्हता. रोजा सोडायच्या तोफेचा आवाज शेजारच्या टीव्हीतून आला, मग अजान, आणि पाठोपाठ सगळ्या गल्लीतून एकदम चमच्यांचे आवाज. "बिस्मिल्ला म्हणा, अब्ला," तेरेझने खजूर पुढे केला. इन्शिराहने तो हातात घेतला. तिची जीभ टाळ्याला चिकटली होती, कपाळात सकाळपासून ठणकत होतं, आणि सरबताचा ग्लास तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तिने खजूर ताटात परत ठेवला.

"वेरेनाने घेतल्याशिवाय मी घेणार नाही."

हे आपण ठरवून बोललो नाही हे तिला बोलल्यावर कळलं. तेरेझ हसली. "ती खाते हो नंतर. ताट खोलीत घेऊन जाते, अभ्यास करता करता."

"खाताना पाहता तुम्ही?"

"म्हणजे?"

"मदाम, शेवटचं कधी पाहिलंत, तिने घास गिळलेला?"

तेरेझचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि त्याच्या मागून दुसरंच काही वर आलं. "अब्ला, तुम्ही आमच्या घरी आलात, आमचं भाग्य. पण माझी मुलगी देवासाठी उपास करते. तुमच्या रमजानमधे आम्ही कधी नाक खुपसलं? कधी म्हटलं, एवढ्या उन्हात पोरांना पाणी का देत नाही?" तिचा आवाज चढत होता. "सत्कार नको असेल तर सरळ सांगा. दुसरी कुणी मिळाली असेल. आमच्यातली नको असेल."

हेच ते. दिवसभर जे वाक्य कानांवर पडेल म्हणून सगळे घाबरत होते ते पडलं, आणि छत कोसळलं नाही. इन्शिराहला नवल वाटलं. "सत्कार तुमचाच आहे," ती म्हणाली. "तिने एक खजूर खावा. मी सरबत पिते, सूप पिते, पाया पडून माफी मागून जाते." आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सूपावर साय धरली. खालच्या मजल्यावर कुणीतरी जोरात हसलं. इन्शिराहच्या डोळ्यांपुढे बारीक ठिपके नाचायला लागले, आणि त्या ठिपक्यांतून समोर वेरेना दिसत होती, शांत, ताठ, खजुराकडे न पाहणारी. इन्शिराहला समजलं की ही पैज आपण हरणार. बाराएक तासांचा उपाशी माणूस आणि ही. या मुलीसमोर ती काल लिहायला शिकलेल्या पोरासारखी होती. वेरेनालाही ते समजलं असावं, कारण ती टेबलावरून वाकली, ग्लास उचलून इन्शिराहच्या हातात दिला आणि अगदी कळकळीने म्हणाली:

"तुम्ही घ्या, अब्ला. तुम्हाला त्रास होईल. मला काही होत नाही, मला सवय आहे."

तेरेझचा हात पोळीवर थांबला.

"कसली सवय?"

वेरेनाने आईच्या ताटाशी ठेवलेलं लिंबू जरा सरकवलं.

"कसली सवय गं? देवासाठी करतेस ना तू? पाद्रीबाबांना विचारून करतेस ना?" आणि मग ती एकदम उठली, रागाने, अब्लासमोर लाज गेली त्या रागाने. "बस! इथे बस आणि खा, आत्ता, माझ्यासमोर!" तिने मुलीला मनगटाला धरून ओढलं. तेरा वर्षांच्या हट्टी पोरीला जागचं हलवायला जेवढा जोर लागतो तेवढ्या जोराने ओढलं. तो सगळा जोर फुकट गेला. मुलगी नुसती आली, उडून आल्यासारखी, आणि दोघी मिळून मागच्या कपाटावर आपटून खाली बसल्या. एक वाटी घरंगळत दारापर्यंत गेली. तेरेझला लागलं असावं, पण ती ओरडली नाही. मांडीवर पडलेल्या मुलीच्या पाठीवरून, खांद्यांवरून, बरगड्यांवरून तिचे हात स्वेटरच्या आतून फिरत होते, अंधारात हरवलेलं काही चाचपडावं तसे. "हे काय आहे?" ती म्हणत होती. "अब्ला, हे काय आहे? हे कुणाचं अंग आहे?" वेरेनाची मान एका बाजूला कलंडली होती. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत पाहणं नव्हतं. इन्शिराहने गुडघ्यांवर बसून तिच्या मानेशी बोटं लावली. नाडी लागेना. मग लागली, सावकाश, इतकी सावकाश की दोन ठोक्यांच्या मधे माणसाने आशा सोडावी.

मग त्या रस्त्यावर होत्या, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. अजाननंतरच्या त्या वेळी शुब्रासारखं शुब्रा रिकामं होतं. टॅक्सी नाही, मायक्रोबस नाही, दुकानांच्या दारांवर आडव्या काठ्या लावून माणसं आत जेवायला बसलेली. एका गाडीवर संत्री तशीच उघडी पडली होती. अख्खं शहर एका वेळी खात होतं आणि त्याचा तो भरला आवाज प्रत्येक खिडकीतून खाली येत होता. अॅम्ब्युलन्सचा फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं. दवाखाना मोठ्या चौकाच्या पलीकडे होता. वाऱ्याने वेरेनाला शुद्ध आली होती, पण तेरेझ तिला खाली उतरवायला तयार नव्हती.

"द्या, मी धरते थोडा वेळ," इन्शिराह धापा टाकत म्हणाली.

"मला ती जड नाही, अब्ला." तेरेझ थांबली नाही. तिच्या गालांना अजून कणिक होती. "जड असती तर बरं झालं असतं."

चौकाच्या तोंडाशी दोन तरुण पोरं अडकून पडलेल्या गाडीवाल्यांना द्यायला खजुरांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. गाड्याच नव्हत्या, म्हणून ती धावत आली. "घ्या मावशी, रोजा सोडा." तेव्हा इन्शिराहला आठवलं की आपण अजून सोडलेलाच नाही. चालता चालता तिने बाटलीतून एक घोट घेतला. पाणी छातीतून खाली जाताना जाणवलं, आणि तिला रडू फुटलं, आणि रडत रडतच ती त्या पोरांना, टॅक्सी, कुठली पण, कुणाची पण गाडी, असं सांगू लागली. एक पोरगा लगेच बाजूच्या गल्लीत पळाला. त्याची वाट बघत थांबायचं भान दोघींनाही नव्हतं.

वेरेनाची हनुवटी आईच्या खांद्यावर होती, तोंड मागे, इन्शिराहकडे. दिव्याखालून जाताना तिचा चेहरा उजळायचा. त्यावर दुपारची ती तयार नम्रता कुठेच नव्हती. तो तेरा वर्षांचा चेहरा होता. तिने ओठ हलवले. इन्शिराह अगदी जवळ गेली.

"अब्ला," ती कुजबुजली. "आधी मला भूक लागायची. खूप लागायची. तेव्हा मजा होती, मी जिंकायचे. आता लागतच नाही. मी वाट बघते, तरी येत नाही. मला भीती वाटते. ती परत येईल ना?"

मुलींच्या प्रश्नांना उत्तर देणं हेच इन्शिराहचं काम होतं, आणि या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आजवर तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

"येईल," ती म्हणाली. हवं त्याहून मोठ्याने म्हणाली.

तेरेझने ते ऐकलं आणि ती मुलीला छातीशी धरून धावायला लागली.